पाच नंबरचा पोर्ट

“वरच्या खाचेत बसवायची का खालच्या, ताई?” अंबादासनं विचारलं. मोबाइलचा टॉर्च धरून तो कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीवर वाकला होता, आणि मी फरशीवर बसून आतली धूळ ब्रशनं झाडत होते.

“खालच्या. वरची ग्राफिक्स कार्डाखाली दबलीय. ते कार्ड काढायचं म्हणजे अर्धा तास गेला.”

“दोन्ही सारख्याच असतात होय?”

“सारख्याच हो. वर बसलोय का खाली, डिस्कला काय कळतंय?”

तो हसला. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती नवी एसएसडी, दुकानातच विंडोज भरून आणलेली वेगवान डिस्क, मी मदरबोर्डावरच्या खालच्या खाचेत सरकवली, तांदळाएवढा स्क्रू पिळला आणि हात झटकले. काम वीस मिनिटांत झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

ही जागा म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातलं लक्ष्मीपती कोंड्याल यांचं डिझाइन सेंटर. नाव मोठं, खोली दहा बाय बाराची. टॉवेल-चादरींवर जे मोर, कमळं, वेलबुट्ट्या दिसतात, त्या मागावर चढण्याआधी कुणाला तरी चौकोन मोजून मोजून आखाव्या लागतात. पूर्वी ते ग्राफच्या कागदावर रंग भरून व्हायचं, आता कॉम्प्युटरवर होतं. कोंड्याल अण्णांनी बावीस वर्षांत अशी चौदाशे डिझाइनं केली होती आणि ती सगळी एका जुन्या डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती, आणि ती अण्णांनी मुद्दामच ठेवली नव्हती. या धंद्यात एक डिझाइन बाहेर गेलं की आठ दिवसांत तोच मोर चार कारखान्यांच्या टॉवेलांवर नाचायला लागतो. त्यामुळं त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, माऊस-कीबोर्ड जुन्या गोल पिनांचे होते, आणि यूएसबीची सगळी भोकं अण्णांनी स्वतःच्या हातानं लांबी भरून बुजवून टाकली होती. पेन ड्राइव्ह घेऊन कुणी आत आलं तर अण्णा त्याच्याकडं सुरी घेऊन आल्यासारखं बघायचे.

माझं दुकान उघडून तेव्हा पाच महिने झाले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं, मग माझ्या मागं बघायचं आणि विचारायचं, “मिस्त्री कधी येणार?” माझे वडील आणि अण्णा एकाच गिरणीत होते, त्या ओळखीवर अण्णांनी मला हे काम दिलं. पूर्व भागात अण्णांचा शब्द चालायचा. त्यांचं काम नीट झालं तर माझं दुकान चालणार होतं, आणि बिघडलं तर शटर ओढून घरी बसावं लागणार होतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आदल्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं लागत. आता अकरा सेकंद लागले. अण्णांनी घड्याळ लावून मोजले, मग मला पुन्हा बंद-चालू करायला लावलं, मग आणखी एकदा. शेजारचा दोरेवाला बघायला आला. चहा आला. “जमतंय की पोरीला,” अण्णा म्हणाले, आणि मी मान खाली घालून हसले. त्या कौतुकाच्या गडबडीत चौदाशे डिझाइनांची ती जुनी डिस्क एकदा उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या कुणाला सुचायचं कारणही नव्हतं, मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अण्णांचा फोन आला.

“सुलू, डिझाइनं गेली.”

“गेली म्हणजे?”

“नाहीत. डिस्कच दिसत नाही. ये.”

मी गेले तेव्हा अण्णा खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. दोरेवाला दारात उभा होता. अंबादास भिंतीला टेकून, खांद्यावर डब्याची पिशवी तशीच. आल्यापासून त्याला ती खाली ठेवायचीसुद्धा सवड मिळाली नसावी.

“काल तू गेलीस,” अण्णा माझ्याशी बोलत होते, पण डोळे अंबादासवर होते, “आणि संध्याकाळी हा मला सांगतोय, एक तारखेपासून येत नाही म्हणून. अक्कलकोट रोडच्या गड्डमच्या कारखान्यात लागलाय. बारा वर्षं शिकवला ह्याला मी. मग मी देवळात गेलो, आणि हा एकटा तासभर इथं बसला. आज सकाळी डिस्क नाही.”

“अण्णा, कमळाचं कागदावरचं काम राहिलं होतं तेवढं पुरं केलं मी,” अंबादास म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं.”

“गप बस. आधी बघू दे तिला.”

अंबादास तेव्हा अडतीस-एकोणचाळीसचा असेल. सावकाश बोलणारा माणूस. गड्डमच्या कारखान्यात त्याला स्वतःच्या नावानं डिझाइनं करायला मिळणार होती, हे त्यानंच मला आदल्या दिवशी टॉर्च धरता धरता सांगितलं होतं आणि अण्णांना कसं सांगू म्हणून विचारलंही होतं. मी म्हणाले होते, सरळ सांगून टाका.

मी कॉम्प्युटर सुरू करून बायोस उघडलं. आत कुठल्या पोर्टला कुठली डिस्क जोडलीय हे ते पान दाखवतं. एक ते सहा नंबर होते. जुनी डिस्क पाच नंबरला होती, आणि पाचच्या पुढं काही नव्हतं. मी पेटी उघडून जुन्या डिस्कवर तळहात ठेवला. ती कोमट होती आणि आतून हलकी थरथरत होती.

“डिस्क जिवंत आहे, अण्णा,” मी म्हणाले.

अंबादासनं न सांगता टॉर्च लावला आणि माझ्या शेजारी वाकला. मी पाच नंबरमधली केबल उपसली, दुसऱ्या एका पोर्टात खोचली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. अकरा सेकंदांनी डिस्क दिसली. मी फोल्डर उघडलं. मोर, कमळं, हत्ती, बुट्ट्या, सगळं जागच्या जागी होतं.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, सुटले.

“काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“पाच नंबरचा पोर्ट बंद होता.”

“बंद म्हणजे? कसा होतो बंद?”

“सेटिंगमधून करता येतो.” हे खोटं नव्हतं. तशी सेटिंग असते.

अण्णा उठले. “का बे? म्हणजे मी समजायचं डिस्क मेली, भंगारात टाकायची, आणि तू तिथनं उचलून गड्डमकडं न्यायची. असंच ना?”

“अण्णा, काय बोललालाव तुम्ही?” अंबादासचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच उतरला. “मला ते पान कसं उघडतात तेपण माहीत नाही. आईशप्पथ.”

“बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसतोस आणि माहीत नाही?”

तेव्हा अंबादास माझ्याकडं वळला. हातातला टॉर्च तसाच चालू होता आणि त्याचा उजेड माझ्या गुडघ्यांवर पडला होता.

“ताई, तुम्ही सांगा. हा पोर्ट आपोआप बंद होतो का? दुसऱ्या कशानं होतो का?”

अण्णा बघत होते. दारातला दोरेवाला बघत होता. त्या माणसाच्या दुकानातून दिवसाला पन्नास कारखान्यांची माणसं ये-जा करतात.

“आपोआप नाही होत,” मी म्हणाले.

अण्णांनी तिथंच गड्डमला फोन लावला. ओरडले नाहीत. हळू, दुखावलेल्या आवाजात बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. “तुमचा माणूस आहे, तुम्ही ठरवा. माझ्याकडं काय झालं ते फक्त सांगितलं. कॉम्प्युटरवालीच्या समोर झालंय.” अंबादासनं टॉर्च बंद केला, डब्याची पिशवी खांद्यावर सारखी केली आणि निघून गेला. त्याची चप्पल दाराशी उलटी पडली होती, ती त्यानं वाकून सरळ केली आणि मग घातली.

अण्णांनी मला पेढे दिले. पोरीनं डिझाइनं परत आणली, ही बातमी दुपारपर्यंत माझ्या दुकानाच्या गल्लीत पोचली. त्या दिवशी तीन नवी गिऱ्हाइकं आली, आणि त्यांतल्या एकानंही मिस्त्री कधी येणार म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी मी त्या मदरबोर्डची माहिती-पुस्तिका शोधून काढली. मागच्या पानांवर एक बारीक अक्षरातला तक्ता होता. खालच्या खाचेत अशी एसएसडी बसवली की पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद होतात. दोघांचा रस्ता एकच असल्यामुळं एकाला वाट दिली की दुसऱ्याची अडते. सेटिंगचा संबंध नव्हता. अंबादासचा तर नव्हताच. वरच्या खाचेत बसवली असती तर काहीच झालं नसतं.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी दुकान न उघडता अण्णांकडं गेले. ते एकटेच होते, ग्राफचा जुना कागद पुढ्यात घेऊन. मी एका दमात सगळं सांगितलं. काल पुस्तिका बघितली, चूक माझी आहे, अंबादासभाऊंनी काही केलेलं नाही.

अण्णांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार.

“तो असलं करणारा नाही, हे मला कळत नाही होय?” ते म्हणाले.

“म्हणजे?” मी विचारलं.

“काल रागात होतो. घरी जाऊन जेवायला बसलो आणि कळलं. बारा वर्षं बघतोय मी त्याला. दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावणार नाही.”

“मग अण्णा, गड्डमना फोन करा की. मी बोलते पाहिजे तर.”

“बस खाली.” त्यांनी घडी घातलेला कागद बाजूला सारला. “हा तिकडं गेला की माझी निम्मी डिझाइनं ह्याच्या डोक्यात बसून जाणार. भोकांना लांबी भरली मी, ह्याच्या डोक्याला काय भरू? मुलगा माझा पुण्यात, तो ह्यात पडणार नाही. मला आता दिसत नाही नीट. अंबादास गेला तर हे बंद.”

“पण त्याच्यावर चोरीचा आळ—”

“आळ माझ्याजवळच मिटंल. गड्डम घेत नाही म्हटल्यावर दुसरा कोण घेतोय? येईल आठ दिवसांत. मी काही बोलणार नाही, पोटाशी धरीन त्याला.” मग ते माझ्याकडं बघून, अगदी मायेनं म्हणाले, “तू पण आता तोंड उघडू नकोस, सुलू. दुकान नवीन आहे तुझं. चूक तुझी होती म्हटलं तर कोण देईल काम?”

मी चिडायला हवं होतं. उठून थेट गड्डमचा कारखाना गाठायला हवा होता, रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता आहे. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी सांगून टाकलं होतं, आता पुढचं अण्णांचं पाप, असा हिशेब मी जिना उतरता उतरताच करून टाकला.

पाचव्या दिवशी अंबादासची बायको रेणुका दुकानात आली. ती घरी विड्या वळायची. बोटांना तंबाखूचा वास होता आणि पदराला त्याची भुकटी. काउंटरपाशी बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“गड्डम शेठ नको म्हणाले,” ती म्हणाली. “आणखी दोन ठिकाणी जाऊन आले हे. नाव सांगितलं की लोक म्हणतात, तो डिस्कवाला का? घरात बोलत नाहीत, ताई. जेवायला वाढलं तर ताट तसंच.”

“अण्णांशी बोला तुम्ही,” मी म्हणाले.

“अण्णा म्हणतात, परत ये, मी विसरलो. विसरलो म्हणजे काय? ह्यांनी केलंच नाही तर विसरायचं काय?” तिनं पदरातून एक कोरा कागद काढला. मुलीच्या वहीतला असावा, कडेला लाल रेघ होती. “तुम्ही एवढंच लिहून द्या. पोर्ट का काय ते, आपोआपही बंद होऊ शकतं. चुकून. कुणी केलं नसंल. एवढंच. तुमची सही असली की गड्डम शेठ ऐकतील.”

कागद काउंटरवर होता. दोन ओळी लिहायच्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या.

“वहिनी, मशीनचं असं लिहून देता येत नाही,” मी म्हणाले. “नियम असतात.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उगाचच बिलबुक चाळायला लागले. कसले नियम, हे तिनं विचारलं असतं तर मला एकही सांगता आला नसता. तिनं विचारलं नाही. कागदाची घडी घालून तो पुन्हा पदरात खोवला आणि “येते” म्हणून गेली.

दहाव्या दिवशी अंबादास अण्णांकडं परत गेला. अण्णांनी शब्द पाळला, त्याला पोटाशी धरलं आणि त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. गल्लीत लोक म्हणायचे, मन मोठं आहे कोंड्यालचं. अंबादासच्या नावानं डिझाइनं कधी निघाली नाहीत. तो मोर आखत राहिला आणि खाली अण्णांचं नाव पडत राहिलं.

त्या कॉम्प्युटरचं काम पुढं माझ्याकडंच होतं. पंखा बदलायचा, धूळ काढायची, मेमरी वाढवायची. पहिल्यांदा गेले तेव्हाच मी एसएसडी काढून वरच्या खाचेत बसवली, ग्राफिक्स कार्डाचा स्क्रू पिळताना हात सोलून निघाला. अंबादास तेव्हा खोलीत नव्हता. मी पेटीचा पहिला स्क्रू काढला की तो खुर्चीवरून उठायचा, “चालू द्या ताई,” म्हणायचा आणि बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडं, दारातून सगळ्यांना दिसेल असा उभा राहायचा. पेटी बंद झाल्यावरच आत यायचा. मोबाइलसुद्धा टेबलावर ठेवून जायचा. अण्णांना ते दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला दिसत होतं. मी दर वेळी काम भरभर उरकायची, म्हणजे तो लवकर आत येईल.

अशी तीन वर्षं गेली. मे महिना होता, सोलापूरचा मे. डांबर चपलेला चिकटत होतं. मी पेटी उघडली, अंबादास उठला, “चालू द्या ताई,” म्हणाला आणि समोर उन्हात जाऊन उभा राहिला. डोक्यावर रुमाल घेतला होता. त्याच्या केसांत पांढरं फार झालं होतं. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि रस्ता ओलांडला.

“आत चला, अंबादासभाऊ. ऊन केवढं आहे.”

“बरं आहे इथं.”

मी बोलायला सुरुवात केली आणि सगळं तीन वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं भराभर बाहेर आलं. खालची खाच, पाच आणि सहा नंबर, पुस्तिका, तक्ता. “त्या दिवशी संध्याकाळी कळलं मला,” मी म्हणाले. “आधी कळलं असतं तर मी—”

“संध्याकाळी नाही,” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. चुकलेला चौकोन दाखवावा तसं तो सांगत होता.

“टॉर्च मी धरला होता की. पाचातली वायर काढली तुम्ही आणि सरळ दोनात लावली, पार खालच्या बाजूला, हात वाकडा करून. सहा शेजारीच मोकळा होता. कुणीबी आधी शेजारच्यात लावंल. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.” त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “चौकोन मोजून पोट भरतो मी, ताई. सहा पण बंद आहे, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं.”

उन्हात माझे कान गरम झाले होते. बायोसच्या त्या पानावर पाच आणि सहा दोन्ही नंबर पुसट झालेले मी बघितले होते. मी कॉम्प्युटर-दुरुस्ती शिकले त्या क्लासमधल्या सरांनी ‘खालच्या खाचेचं बघून घ्या’ म्हणून दोनदा बजावलेलं मला तिथंच, अण्णांच्या टेबलाशी आठवलं होतं. पुस्तिका मी संध्याकाळी उघडली ती केवळ संध्याकाळी कळलं असं म्हणता यावं म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले होते आणि ते मला जवळजवळ पटलं होतं.

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?” मी विचारलं. “सगळ्यांसमोर सांगायचं होतं.”

“बोललो की,” अंबादास म्हणाला. “तुम्हालाच विचारलं मी.”

त्यानं रुमालानं मान पुसली आणि दाराकडं बघितलं.

“पेटी बंद झाली का?”

“नाही अजून,” मी म्हणाले.

“मग करून घ्या,” तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.